उदगीरचं बिनपाटीचं हॉटेल : कुणाला आठवतंय का?

मुनीमाचा मुलगा (धागाकर्ता)

मागच्या आठवड्यात अण्णांना दवाखान्यातून घरी आणलं. आता बरे आहेत, पण अन्नावरची वासनाच गेलीय. काय खाणार म्हणून विचारलं तर डोळे मिटूनच म्हणाले, "त्या हॉटेलातला सुशीला आण."

मी राहतो हडपसरला. बायको साताऱ्याची. तिनं माझ्याकडं असं बघितलं की सुशीला हे भिजवून फोडणी दिलेल्या मुरमुऱ्यांचं प्रकरण आधी तिला समजावून सांगावं लागलं. मग मी अण्णांना विचारलं, कुठल्या हॉटेलातला? तर म्हणाले, "ते की रे. आपलं."

आता खरी पंचाईत इथंच आहे. उदगीरच्या जुन्या गावात, किल्ल्याकडं जाणाऱ्या वाटेवर ते हॉटेल होतं. पाच दगडी पायऱ्या, वर पत्र्याची पडवी, आत शहाबादी फरशीची टेबलं. उन्हाळ्यात त्या फरशीवर कोपर टेकवलं की अंगभर गार वाटायचं. बाहेर पाटी नव्हती. कधी लावलीच नाही म्हणे. अण्णा मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, एका आडतीवर मुनीम होते. तुरीचा हंगाम सुरू झाला की सकाळी सहाला घर सोडायचे आणि जाताना मला शाळेच्या आधी तिथं घेऊन जायचे. हे साधारण १९८३-८४ चं सांगतोय. अण्णांना सुशीला आणि चहा, मला बशीत ओतलेला अर्धा चहा आणि एक बटर.

पायऱ्या चढताना डाव्या हाताला बाहेरच्या भिंतीत एक कोनाडा होता. आत जाताना गोट्या खिशात वाजतात म्हणून अण्णा रागवायचे, तर मी त्या कोनाड्यात ठेवून जायचो. येता-जाता एवढी माणसं, पोरंसोरं, पण बाहेर आलो की गोट्या जागच्या जागी. एकदासुद्धा चोरीला गेल्या नाहीत. मला त्या कोनाड्याचं फार अप्रूप होतं.

तर मंडळी, दोन गोष्टी हव्यात. एक म्हणजे त्या हॉटेलाचं नाव. दुसरं, तिथला सुशीला कसा करायचे ते. मी काल घरी करून बघितला, मुरमुऱ्यांचा लगदा झाला. अण्णांनी एक घास खाऊन ताट सरकवलं.

देवणी वळू

आरं बाबा, कशाची आठवण काढलास सकाळ सकाळ! आमी त्याला 'पायरीचं हॉटेल' म्हणायचो. दादा हाळी-हंडरगुळीच्या बाजारला जनावरं घिऊन जायचे, तवा परत येताना उदगिरात मुक्काम पडला की हितं जेवण ठरलेलं. बैल इकला तर आलूबोंडा आन् बालूशाही, नाही इकला तर नुसता चहा. आमाला घरी बसून कळायचं. दादाच्या धोतराला तुपाचा वास आला की समजायचं, बैल गेला.

पाटी नव्हती हे खरं हाय.

लातूररोड जंक्शन

पायरीचं नाही हो, 'स्वामीचं हॉटेल'. मालक कपाळाला भस्माचे तीन पट्टे ओढून गल्ल्यावर बसायचे म्हणून. आमच्या घरात तरी हेच नाव होतं.

या हॉटेलाची गोष्ट आमच्या आजोबांकडून ऐकलेली. त्यांच्या लहानपणी तिथं निजामाचा हाली रुपया चालायचा, पण सोलापूरकडचा व्यापारी आला की तो कलदार, म्हणजे इंग्रजी रुपया काढायचा. सात हाली म्हणजे सहा कलदार. मालकांचे वडील हा हिशेब बोटाच्या पेरांवर करून सुटे परत द्यायचे, कागद-पेन्सिल लागायची नाही. आजोबा उर्दू माध्यमात शिकलेले, आकडे उर्दूत म्हणायचे. गल्ल्यावरचा माणूस कन्नडमध्ये मोजायचा. भांडण मराठीत व्हायचं.

आणखी एक. आमच्या घरात तीन पिढ्यांचे शाळा सोडल्याचे दाखले एकाच पिशवीत आहेत. आजोबांच्या दाखल्यावर जिल्हा बीदर. वडिलांच्या दाखल्यावर उस्मानाबाद. माझ्या दाखल्यावर लातूर. तिघंही जन्मलो एकाच घरात, एकाच खोलीत. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यं नव्यानं आखली तेव्हा उदगीर, अहमदपूर आणि निलंगा इकडं आले आणि भालकी, औराद तिकडं म्हैसूर राज्यात गेले. पुढं १६ ऑगस्ट १९८२ ला लातूर जिल्हा झाला. आजोबा सांगायचे, ५६ च्या आधी कचेरीचं काम निघालं की बीदरची गाडी पकडायची, म्हणून हॉटेलाची पहिली भट्टी गाडीच्या वेळेवर पेटायची. नंतर कचेरी गेली उस्मानाबादला. कुठं बीदर आणि कुठं उस्मानाबाद! तांबडं फुटायच्या आधी निघावं लागायचं. भट्टी दीड तास अलीकडं आली. सरकारनं जिल्हा बदलला म्हणजे काय केलं, तर आचाऱ्याची झोप मोडली, असं आजोबांचं मत.

(अवांतर: २०१७ ला मुंबईची लातूर एक्स्प्रेस बीदरपर्यंत वाढवली तेव्हा लातूरकर रस्त्यावर उतरले होते. आम्ही उदगीरकर गप्प बसून पेढे खात होतो.)

भालकीचा भाचा

मी पलीकडचा. माझं आजोळ उदगीर, घर भालकी. आमच्या मामांच्या तोंडी 'घड्याळाचं हॉटेल' होतं. गल्ल्याच्या मागं लंबकाचं घड्याळ होतं ना? ते कायम वीस मिनिटं पुढं. कमलनगर-भालकीकडं जाणाऱ्या लोकांची गाडी चुकू नये म्हणून मुद्दाम पुढं ठेवलंय असं मालक सांगायचे. मामा म्हणायचे, थापा आहेत, गिऱ्हाईक लवकर उठावं म्हणून ठेवलंय.

आणि तो फळा कुणीच कसा काढला नाही अजून? आतल्या भिंतीवर काळा फळा, त्यावर खडूनं पदार्थ आणि भाव. डावीकडून मराठी, मध्ये कन्नड, उजवीकडून उर्दू. भाव वाढले की मालक मराठी रकाना लगेच पुसून नवा लिहायचे. कन्नड त्यांचं त्यांनाच येत होतं, तेही लिहायचे. उर्दू लिहायला मात्र एक मास्तर यायचे, तेही सवडीनं. त्यामुळे आठ-दहा दिवस उर्दूतला चहा मराठीतल्या चहापेक्षा दहा पैशांनी स्वस्त असायचा. आमचे मामा पक्के वैष्णव, अलिफ-बे येत नाही, पण तेवढे दिवस उजवीकडच्या रकान्यावर बोट ठेवून पैसे द्यायचे. "हम को येइच आता," म्हणायचे. मालक हसून घ्यायचे.

पुणेरी पाहुणा

छान धागा. बाकी काही माहीत नाही, पण एक शंका. चुरमुऱ्याच्या पदार्थाला सुशीला हे नाव का? आणि सुशीला खाल्ला म्हणायचं की खाल्ली?

देवणी वळू

खाल्ला. आन् चुरमुरे न्हाई, मुरमुरे.

भालकीचा भाचा

नाव का पडलं ते मला ठाऊक नाही, पण आमच्याकडं बीदर-कलबुर्गीत त्यालाच 'सुसला' म्हणतात. मी बल्लारीला चार वर्षं नोकरीला होतो, तिथं आणि पुढं आंध्रात कर्नूल-अनंतपूरकडं तोच पदार्थ 'उग्गानी' म्हणून मिळतो. सोबत मिरची भजी हवीतच, त्याशिवाय उग्गानी म्हणजे अपमान. तेव्हा पाहुणे, सुशीला ही बाई नसून तीन राज्यांतली मोठी असामी आहे.

सुपातले दाणे

खाल्ला-खाल्लीवर वाद घालण्यापेक्षा मुनीमपुत्रांना कृती सांगा की कुणीतरी. त्यांचे वडील उपाशी बसलेत.

माझी पद्धत: मुरमुरे आधी बघून घ्या. फुलून हलके झालेले, भेळेला वापरतात तसले नकोत, लगदा त्यांचाच होतो. भरीव, जरा कडक असतात ते घ्या. मोठ्या पातेल्यात पाणी, त्यात मुरमुरे टाकायचे, हातानं एकदा बुडवायचे आणि लगेच काढायचे. पाण्यात ठेवून फोन घ्यायला जायचं नाही. दोन्ही तळहातांत धरून दाबून पिळायचे. मग कढईत तेल, मोहरी, जिरं, शेंगदाणे, कढीपत्ता, हिरव्या मिरच्या, कांदा, हळद. कांदा मऊ झाला की मुरमुरे, मीठ, वरून डाळव्याचं पीठ भुरभुरायचं. हे पीठ राहिलेलं पाणी ओढून घेतं आणि दाणा सुटा होतो. दोन मिनिटं झाकण. कोथिंबीर, लिंबू. झाला.

दोन वाट्या मुरमुऱ्यांना पाव वाटी डाळवं.

लातूररोड जंक्शन

पाव वाटी जास्त होईल. घशाला कोरडं लागतं. दोन चमचे पुरे.

सुपातले दाणे

तुम्ही स्वामीच्या हॉटेलातलं उप्पीट आठवत असाल. डाळवं दोन चमचे घातलं तर ते कसलं.

निर्मळ माठ

तुम्हा सगळ्यांच्या आठवणी बाकड्यावरच्या आहेत म्हणून लिहिते.

आम्हा बायकांना त्या हॉटेलाचा फळा, घड्याळ, गल्ला, काहीच नीट आठवायचं नाही, कारण दिसलंच नाही. आत शिरलं की उजवीकडं लाकडी आडोसा, त्याला हिरवा पडदा. 'फॅमिली रूम'. आत दोन टेबलं, एक चाळीसचा बल्ब आणि भिंतीवर मागच्या वर्षीचं कॅलेंडर. वर्षातून दोन-तीनदा, दवाखान्याला किंवा लग्नाचा बस्ता बांधायला उदगीरला गेलो तरच. आई पदर सावरून अशी बसायची की जणू चोरी करायला आलोय. पोऱ्या पडद्याबाहेरून विचारायचा, "क्या होना अम्मा?" आणि ताटली पडद्याखालून आत सरकवायचा. मी पाच वर्षांची असेन, मला फक्त त्याचा हात आठवतोय. मनगटाला काळा दोरा होता.

सुशीला मात्र अप्रतिम. आई घरी नेण्यासाठी बांधून घ्यायची, पळसाच्या पानात. बसमध्ये मांडीवर ती पुडी गरम लागायची.

आणि हो, आमचं लग्नही तिथंच ठरलं म्हणायला हरकत नाही. घरचा रीतसर कार्यक्रम व्हायच्या आधी मावशीनं गुपचूप बघाबघी घडवली, याच पडद्यामागं, १९९१ ला. मुलगा घामाघूम. त्यानं चहा बशीत ओतला आणि बशी माझ्याकडं सरकवली. स्वतःसाठी कपात काही उरलंच नाही. घरी आल्यावर मावशीनं विचारलं तर मी म्हणाले, चालेल.

आमच्या घरी त्याला 'पडद्याचं हॉटेल' म्हणतात. अजूनही.

मुनीमाचा मुलगा

माठताई, हे वाचून आईला विचारलं. ती चहा गाळत होती. म्हणाली, "मी कुठं गेले होते तिथं? तुझे अण्णा एकटेच खाऊन यायचे. मला पुडी आणायचे ते पण सणासुदीला." चाळीस वर्षं अण्णांच्या तोंडून त्या हॉटेलाचं कौतुक ऐकतोय, हे मला कधी सुचलंच नव्हतं.

नावं आतापर्यंत: पायरीचं, स्वामीचं, घड्याळाचं, पडद्याचं. अण्णांना चारही वाचून दाखवली. म्हणाले, सगळे येडे आहेत, ते मोंढ्याचं हॉटेल. मोंढा तिथून चांगला पाऊण मैल लांब होता.

सातवी ब

१९९३ चं लिहितो. कुणीतरी लिहायला हवं.

३० सप्टेंबर. आदल्या रात्री अनंत चतुर्दशीचं विसर्जन झालं होतं, सगळे गाढ झोपेत. पहाटे चारला पाच-सात मिनिटं कमी असतील, तेव्हा घर हललं. भांड्यांच्या मांडणीवरून डबे पडले. उदगिरात आमच्या गल्लीत कुणाला काही झालं नाही, भिंतींना भेगा पडल्या तेवढंच. पण सगळे रस्त्यावर. आत जायची कुणाची छाती होईना. उजाडेपर्यंत किल्लारीचं कळलं नव्हतं. नुसती कुजबुज होती.

त्या पहाटे हॉटेलवाल्यांनी भट्टी रस्त्यावर आणून पेटवली आणि जो येईल त्याला चहा. गल्ला बंद होता. मी सातवीत होतो, घोंगडी पांघरून पायरीवर बसून तीन कप प्यालो.

दुसऱ्या दिवशी किल्लारी आणि सास्तूरकडून बातम्या यायला लागल्या. गावातून ट्रक निघणार होते. लोकांनी घराघरांतून पुऱ्या आणायला सुरुवात केली. हॉटेलात पोती भरायचं काम चाललं होतं आणि आम्ही पोरं वर्तमानपत्रात पुड्या बांधत होतो. तेव्हा मालक म्हणाले, "पुऱ्या नको. बाहेर पाऊस लागलाय. पुरी उद्या वातड, परवा वास मारती. कडक भाकरी करा." सोलापूर-कलबुर्गीकडं करतात तशी ज्वारीची पातळ, पापडासारखी वाळवलेली भाकरी. चार-पाच गल्ल्यांतल्या बायका हॉटेलाच्या मागच्या अंगणात बसल्या. माठताई म्हणतात तो पडदा त्या दिवशी काढून ठेवला होता, कारण आडोशाच्या लाकडी फळ्यांवर भाकरी वाळत घातल्या होत्या. भाकरी, शेंगाची चटणी, कांदा, काडेपेटी आणि मेणबत्ती अशी पुडी. मी किती बांधल्या मोजलं नाही. बोटांना वर्तमानपत्राची शाई लागली होती, ती दोन दिवस गेली नाही.

ट्रकबरोबर वडील गेले होते. परत आल्यावर आठवडाभर जेवताना बोलले नाहीत.

देवणी वळू

🙏

सायकलचा स्टँड

मी नांदेडचा, पण २०२२ च्या एप्रिलात साहित्य संमेलनाला उदगीरला आलो होतो. पंचाण्णवावं, भारत सासणे अध्यक्ष होते ते. ऊन असं की मंडपात भाषणापेक्षा पंख्याखालची जागा महत्त्वाची. एका दुपारी कंटाळून किल्ल्याकडं चालत निघालो. वाटेत एका म्हाताऱ्यांनी 'इथं एक हॉटेल होतं' म्हणून दाखवलं होतं. तिथं आता मोबाइलच्या काचा बदलून देणारं दुकान आहे. पायऱ्या तीनच दिसतात, रस्ता वर चढल्यामुळे दोन खाली गाडल्या गेल्या असाव्यात. म्हातारे म्हणाले, दूध भुकटीचा कारखाना बंद पडला तेव्हाच हॉटेल अर्धं मेलं. पाळी सुटल्यावरचं गिऱ्हाईक गेलं. मग २०१६ चा उन्हाळा. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं ना, त्या साली. हॉटेलात फळ्यावर भावाऐवजी एकच ओळ होती: 'पाणी मागितल्यावर मिळेल, अर्धा ग्लास'. गिऱ्हाइकाला पाणी विचारून द्यायचं ही गोष्ट मालकांना सोसली नाही म्हणाले. पावसाळा आला, पण त्यांनी पुन्हा उघडलं नाही.

कोनाडा अजून आहे. त्यात मीटरची वायर आलीय.

मुनीमाचा मुलगा

कोनाडा आहे?! फोटो काढला असेल तर टाका ना. गोट्यांची जागा बघायचीय.

वाढवण्याची पाऊलवाट

दोन दिवस हा धागा वाचतोय. लिहू की नको असं चाललं होतं.

मुनीमाचा मुलगा, तुमच्या गोट्या चोरीला का जायच्या नाहीत ते मी सांगू शकतो.

आमचे आजोबा सालगडी होते. मालकाचा माल मोंढ्यात आला की गाडीबरोबर यायचे. त्या हॉटेलात चहा प्यायचे, पण पायऱ्या चढून नाही. कोनाड्यात एक कपबशी ठेवलेली असायची, कपाला कान नव्हता. आजोबांनी ती स्वतः उचलायची, खाली उभं राहून पुढं धरायची, पोऱ्या वरून चहा ओतणार. पिऊन झालं की शेजारच्या रांजणातलं पाणी कुणीतरी घालणार, मग धुऊन परत कोनाड्यात. पैसे पायरीवर ठेवायचे. भाव तोच. उर्दूतलाही नाही, मराठीतला.

अस्पृश्यतेविरुद्धचा कायदा १९५५ लाच झाला होता. कपबशी त्यानंतर किती वर्षं होती ते वडिलांना नक्की सांगता येत नाही. ७२ च्या दुष्काळानंतर एका वर्षी वडील आणि वसतिगृहातली पाच-सहा पोरं सरळ वर चढून बाकड्यावर बसली, हे मात्र त्यांना तारीखवार आठवतंय. पोऱ्यानं मालकाकडं बघितलं. मालकांनी वहीत तोंड घातलं. दहा मिनिटं कुणी फिरकलं नाही. मग चहा आला, सगळ्यांना येतो त्याच कपांतून. कुणी काही बोललं नाही. पुढच्या आठवड्यात कोनाड्यातली कपबशी गेलेली होती.

पण कोनाड्यातल्या वस्तूला हात लावायचा नाही, ही गावाची सवय लगेच गेली नसणार. तुम्ही ८३-८४ म्हणताय. म्हणजे दहा वर्षं तरी झाली होती.

मी हे हॉटेल वाईट होतं म्हणून लिहीत नाहीये. भूकंपाच्या वेळी त्याच अंगणात आमची आत्याही भाकरी थापायला बसली होती. त्या दिवशी तिला कुणी वेगळं बसवलं नाही, हे ती अजून सांगते. दोन्ही खरं आहे.

पुणेरी पाहुणा

(काही लिहायला सुचत नाही. वाचलं.)

लातूररोड जंक्शन

आमच्या आजोबांच्या गोष्टीत कोनाडा कधीच आला नाही. हाली-कलदार आलं, कचेरी आली, आचाऱ्याची झोप आली. हे नाही आलं. आता विचारायला ते नाहीत.

मुनीमाचा मुलगा

काल रात्री अण्णांना वाचून दाखवलं. वाचू नये असं बायको म्हणत होती, तब्येत नाजूक आहे म्हणून. पण मी वाचलं.

ते बराच वेळ छताकडं बघत होते. मला वाटलं, झोपले. मग म्हणाले, "बशी निळ्या काठाची होती."

एवढंच. नंतर पाणी मागितलं.

मला ते रागवायचे ते गोट्या वाजतात म्हणून, असंच मी आजवर समजत होतो. एकदा मी त्या कोनाड्यात हात घालून आत काय आहे ते चाचपत होतो तेव्हा त्यांनी माझा हात खसकन ओढला होता, तेही आठवलं. पुन्हा विचारायचं धाडस झालं नाही.

वाढवण्याची पाऊलवाट, तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. एक विचारू? या धाग्यावर प्रत्येकाच्या घरी त्या हॉटेलाचं वेगळं नाव निघालं. तुमचे आजोबा त्याला काय म्हणायचे?

सुपातले दाणे

मलाही हेच विचारायचं होतं.

आणि मुनीमपुत्र, सुशीला परत करून बघितलात का?

मुनीमाचा मुलगा

हो, आज सकाळी. मंडईत तीन दुकानं फिरून भरीव मुरमुरे आणले. या वेळी दाणा सुटा झाला. अण्णांनी अर्धी वाटी खाल्ली. म्हणाले, बरा आहे, पण तो नाही. काय कमी आहे विचारलं तर सांगता येईना. आईनं चव घेऊन सांगितलं, डाळवं कमी पडलंय. म्हटलं, तुला काय माहीत? तर म्हणाली, "पुडीतलं मीच खात होते ना."

वाढवण्याची पाऊलवाट

आजोबा त्याला 'कोनाडा' म्हणायचे. "कोनाड्यावर जाऊन येतो," असं. मी लहान होतो, मला वाटायचं ते एखाद्या गावाचं नाव आहे. वाढवणा, हंडरगुळी, तसंच कोनाडा. एकदा एसटी स्टँडवर मी कंडक्टरला विचारलंही होतं, कोनाड्याला गाडी किती वाजता आहे म्हणून.

डाळव्याचं तुमच्या आईंचं बरोबर आहे. दोन वाट्या मुरमुऱ्यांना पाव वाटी नाही, अर्धी. आणि पीठ अगदी बारीक नको, थोडी कणी राहू द्यायची. वडील त्या दिवशी वर बसले तेव्हा त्यांनी पहिल्यांदा तो खाल्ला. घरी येऊन आजीला सांगितला, तिनं तीन-चारदा चुकत चुकत जमवला. आमच्याकडं अजून तसाच होतो. उद्या करून बघा आणि अण्णा काय म्हणतात ते कळवा.